पिक्चरात पेटलेली बायजाबाई

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि आता तर अर्धीच उरले आहे. पुढची नाळ, म्हणजे माझं टोकदार तोंड, जळून गेली. मागचा काठ शाबूत आहे आणि जीभही शाबूत आहे, म्हणून माझी गोष्ट मीच सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलीत तर तो पिक्चरवाल्यांचं कौतुक सांगत बसेल आणि माझं एका ओळीत उरकेल.

माझं गाव दिवाळे, बेलापूरच्या खाडीवरचं. सिताराम नाखव्याने मला बांधून घेतलं तेव्हा समोर एकही टॉवर नव्हता. खाडी होती, तिवरं होती आणि पलीकडे मिठागरं. सागाच्या फळ्या, फटींत कापूस ठोकून वर राळ, आणि सगळ्या अंगाला माशाचं तेल. बांधणारा सुतार म्हणाला होता, ही होडी तुमच्या नातवाला पुरेल. त्या बिचाऱ्याला पिक्चरचं काय ठाऊक?

सितारामने मला आपल्या आईचं नाव दिलं, बायजाबाई. नाळेवर निळ्या रंगात लिहून घेतलं. त्याची बायको दुर्गाबाई, तिला हे काही रुचलं नाही. घरात सासूला उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून खाडीत आली की ती मला बोलून घ्यायची. बायजाबाई, नीट चाला. बायजाबाई, फार डुलू नका, वय काय तुमचं. सासू पुढे देवाघरी गेली, तरी दर पुनवेला तिच्या नावाला हळदकुंकू लावायचं काम दुर्गाबाईकडेच राहिलं. तोंड वाकडं करून लावायची, पण एक पुनव चुकवली नाही.

बायांनी होडीत कशाला यायचं, असं बोलणारे गावात होते. दुर्गाबाईने त्यांना असं काही ऐकवलं की ते पुन्हा बोलले नाहीत. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला ती नवऱ्याबरोबर खाडीत यायची. दोराला बांधलेली गोल जाळी तळाशी सोडायची आणि चिंबोरी आत शिरली की दोर सर्रकन वर ओढायचा, हे तिचं काम. माझ्या मागच्या बाजूला, डाव्या काठावरून तो दोर वर्षानुवर्षं घासत गेला. तिथे खाच पडली. आधी नखाएवढी होती, मग अंगठ्याएवढी झाली. दोर ओढून झाला की त्याच खाचेत अंगठा टेकवून ती बसायची. तीस वर्षांचा दोर आणि तीस वर्षांचा अंगठा. ती खाच पाण्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली.

ते माझे कामाचे दिवस, मित्रांनो. कोळंबी, बोईट, निवट्या, कधी नशिबाने मोठा जिताडा. दिवाळ्याच्या बाजारात दुर्गाबाईची टोपली आधी रिकामी व्हायची, आणि ती सगळ्यांना सांगायची की बायजाबाईचा पायगुण आहे. माझ्यासमोर मात्र कधी म्हणाली नाही.

मग खाडीत गाळ भरला. पाण्याचा रंग बदलला, मासे दूर गेले. सिताराम एका तापात गेला. मुलगा अंकुश तळोज्याला कारखान्यात लागला. त्याला होडीपेक्षा कारखान्यातली पाळी बरी वाटली, आणि त्यात त्याची चूक काही नव्हती. मला किनाऱ्याला ओढून ठेवलं. माझ्यात पावसाचं पाणी साठलं, कोंबड्या बसू लागल्या. माझ्यासारख्या होडीत कोंबड्या! पण कुणाला सांगणार?

एक दुर्गाबाई तेवढी यायची. रोज संध्याकाळी बाजार आटोपला की माझ्या मागच्या फळीवर बसायची, खाचेत अंगठा ठेवायची आणि दिवसभराचं बोलायची. कुठल्या गिऱ्हाइकाने भाव पाडला, सून अक्षताने आमटीत मीठ किती घातलं, सगळं. तिथेच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. बसण्याआधी ती हाताने फळी चाचपायची. बाजारातही ती मासा दाबून, कल्ला उघडून, हुंगून सांगायची ताजा की शिळा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय मावशीची नजर! नजर कसली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हे मला ठाऊक होतं आणि तिला. घरात कुणी डॉक्टरचं नाव काढलं तर ती म्हणायची, डोळे तुमचे तपासा, मला घार उडताना दिसते. घार उडत असायची की नाही, देव जाणे.

अशात गेल्या हिवाळ्यात पिक्चरवाले आले.

पिक्चर क्रांतीचा होता. कुठल्या तरी समुद्राकाठच्या मनातल्या राज्यात राजा बंदरावर जुलूम करतो, आणि शेवटी मीठवाले आणि मासेवाले उठून त्याची गादी उलथवतात, अशी गोष्ट. त्यात मोठा प्रसंग असा की गावकरी एक होडी पेटवतात आणि भरतीच्या पाण्यावर राजाच्या गलबतांकडे सोडून देतात. दिग्दर्शकाचं नाव जयप्रकाश. बारीक, दाढीवाला, चहा गार होईपर्यंत विचार करणारा. सामान-सजावटीचं बघणारी क्षिप्रा, पोरगी कामसू आणि खरी. हे शूटिंग आधी दूरच्या समुद्रावर ठरलं होतं, मग दिवाळ्याला ठरलं. मागचे टॉवर कॉम्प्युटरवर पुसून टाकू म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत उभे राहिलेले टॉवर, हे लोक एका बोटाने पुसणार. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पुसणं यांना फार सोपं वाटतं.

ते किनाऱ्यावर होड्या बघत फिरले आणि मला ओलांडून पुढे गेले. ते दुर्गाबाईला लागलं. तिने हाक मारून थांबवलं आणि विचारलं की तुमची क्रांती काय फायबरच्या होडीतून आली होती का? जयप्रकाश मागे वळला. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्या खाचेवर त्याचा जीव जडला. म्हणाला, याच खाचेतून नायिकेचा दोर सरकताना दाखवायचा, अगदी जवळून. दुर्गाबाईने एकच अट घातली. होडी जशी नेली तशी परत आणायची. सितारामचा हात लागलेली एवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती. क्षिप्राने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, आणि मी सांगते, तो शब्द खोटा नव्हता.

मग सुरू झाले त्यांचे निर्णय. जुन्या काळी निळा ऑइलपेंट नव्हता, म्हणून माझ्या नाळेवरचं नाव खरवडून काढलं. नायलॉनचे दोर काढले, काथ्याचे बांधले. सगळ्या अंगाला काळं डांबर. वीस दिवस माझं शूटिंग चाललं आणि खोटं का बोलू, मला मजा आली. नायिका गीतांजली माझ्यात बसायची, गावच्या पोरी तिला बघायला जमायच्या, आणि कोंबड्यांना जवळ यायला मनाई होती. पुष्कळ वर्षांनी मला मान मिळाला. मान वाईट, मित्रांनो. तो मिळाला की शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही.

माझ्या शेजारी दुसरी होडी उभी होती. होडी पेटवायच्या प्रसंगाचं तीनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. आधी आग कॉम्प्युटरवर काढणार होते, ती जयप्रकाशला चित्रातल्यासारखी वाटली. मग फायबरची होडी करून आणली, तिचा एक तुकडा जाळून पाहिला तर टायर जळाल्यासारखा धूर. शेवटी ठरलं की कुठून तरी टाकून दिलेली खरी लाकडी होडी आणायची, माझ्यासारखी सजवायची आणि तीच जाळायची. ती टेम्पोतून पालथी घालून आणली. कुठल्या खाडीची, कुणाची, मी विचारलं नाही. माझा तोरा मोठा. जाळायला आणलेलीशी मी कशाला बोलू?

पण पडद्यावर दोघी एकच दिसायला हव्यात. म्हणून तिलाही डांबर, तिलाही काथ्याचे दोर. माझी खाच सगळ्यांनी जवळून पाहिलेली असणार, म्हणून तिच्या काठावर कानशीने घासून तशीच खाच पाडली. सुताराने माप घेऊन केली, केसाएवढा फरक नाही. दिसायला.

माझ्या तळाला क्षिप्राने खडूने खूण केली होती. शेवटच्या प्रसंगाआधी डांबराचा आणखी एक हात द्यायचा निर्णय झाला. रंगवणाऱ्यांनी दोघींना उलट्या करून रंगवलं, वाळवायला उन्हात सरकवलं, पुन्हा सुलटं केलं आणि जागा मोकळी दिसेल तसं ठेवलं. खडू डांबराखाली गेला. दुसऱ्या दिवशी क्षिप्रा आली आणि दोघींभोवती फिरली, तरी कोणती कुठली ते तिला ओळखू येईना. तिचा चेहरा उतरला. मी ओरडून सांगत होते, पण होडीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

शहाणी पोर. अंदाज केला नाही. सरळ दुर्गाबाईला बोलावून आणलं.

सगळं गाव बघायला जमलं. मला वाटलं, आता काळजी नाही. तीस वर्षं जिच्या अंगठ्याखाली काढली ती मला ओळखणार नाही? दुर्गाबाई पदर खोचून पुढे आली आणि सवयीने तिचा हात पुढे झाला.

"आई, रंग ओला आहे, हात नका लावू," क्षिप्रा म्हणाली. "नुसतं सांगा, यातली तुमची कोणती?"

हात मागे गेला. दुर्गाबाईने डोळे बारीक केले. तिला काय दिसलं असेल? दोन काळे डाग, बस. पण माझी रोजची जागा तिला ठाऊक होती, किनाऱ्यावरच्या पिंपळाच्या बाजूची, आणि त्या जागेवर आता ती दुसरी होती. दुर्गाबाईने तिच्याकडे बोट केलं. "ही काय. माजी होरी मना इचारता?"

अक्षता मागे उभी होती. तिला काहीतरी खटकलं असावं. ती हळूच म्हणाली, "आय, रंग वालला का एकदा हात लावून बगा ना."

"तू मना होरी शिकवतंस? लगनाच्या दुसऱ्या दिवशी हिच्यान बसून ओकलीस, ते इसरलीस?"

माणसं हसली. अक्षता मागे सरली. क्षिप्राने सुटकेचा श्वास सोडला, त्या दुसरीच्या दोराला हिरवी चिंधी बांधली आणि माझ्या दोराला लाल. लाल म्हणजे जाळायची.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते मी कुणाला सांगू? रोज संध्याकाळी दुर्गाबाई यायची आणि त्या दुसरीजवळ उभी राहून बोलायची. रंग अजून ओला म्हणून बसत नव्हती, हात लावत नव्हती. सितारामच्या आठवणी माझ्या, आणि ऐकत होती ती. मी चार हातांवर. माझ्या मनात एकच होतं, ही जळू दे, मी नको. हो, मी असंच म्हणत होते. लपवून काय करू? आणि ती दुसरी कधी काही बोलली नाही. हिरव्या चिंधीचा तोरा तिने एकदाही दाखवला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळची भरती होती. अग्निशमनचे लोक पाइप घेऊन बाजूला उभे, तीन कॅमेरे लावलेले. जयप्रकाशने सगळ्यांना बजावलं की होडी एकदाच जळते, त्यामुळे टेक एकच. आणि तो "कट" म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, आग विझवणाऱ्यांनीसुद्धा नाही. मला कंबरभर पाण्यात उभं केलं. नाळेपाशी काथ्या भरला आणि त्यावर रॉकेल ओतलं. मित्रांनो, रॉकेलचा वास मी आधीही घेतला होता, सिताराम कंदिलात भरायचा तेव्हा. तो वास मला घरचा वाटायचा.

सगळं तयार झालं आणि जयप्रकाशला नायिकेचे हात दिसले. मशाल ती टाकणारच होती, पण मागून होडी ढकलताना हात जवळून दिसणार होते, आणि ते हात पडले मऊ, नखं लांब. त्याने मान हलवली. हात खरे हवेत, म्हणाला. इकडे तिकडे बघितलं आणि खुर्चीवर मानाने बसलेल्या दुर्गाबाईचे हात त्याला दिसले. दोराने चिरलेले, मिठाने राठ झालेले. त्याच्या साऱ्या निर्णयांत हाच एक बरोबर होता, पण उशिरा.

दुर्गाबाईला कोण आनंद! नायिकेसारखं लुगडं नेसून ती पाण्यात उतरली. गावाकडे वळून म्हणाली की बघून घ्या, क्रांतीला शेवटी म्हातारीच लागली. मग माझ्या मागे येऊन थांबली, हात वर, काठाला न लावता. अॅक्शन म्हटल्यावरच हात लावायचा, असं तिला सांगितलं होतं.

अॅक्शन म्हणाले. मशाल पडली. माझी नाळ भडकली. ज्या फळीवर सासूचं नाव होतं ती आधी पेटली. आणि दुर्गाबाईने ढकलायला हात लावला.

अंगठा आपोआप खाचेत गेला.

मी तिचा श्वास अडकलेला ऐकला. तिने अंगठा काढला, पुन्हा ठेवला. एकदा पुढे, एकदा मागे फिरवला. मग तिने माझा काठ दोन्ही हातांनी धरला आणि मला मागे ओढू लागली. मी वजनदार, वर भरतीचं पाणी आत ढकलतंय, आणि ती सत्तरीची. तिचे पाय चिखलात रुतले. ती चिखल उपसून आगीवर फेकू लागली. आग कुठे, हात कुठे, निम्मा चिखल तिच्याच अंगावर.

"इझवा! ही माजी हाय!"

कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारी काय काम करते! गर्दीतून एकाने शिट्टीसुद्धा मारली. आग विझवणारे जयप्रकाशकडे बघत होते, आणि जयप्रकाश छोट्या पडद्याकडे. त्याला कळलं होतं. कपाळावरचा घाम सांगत होता की त्याला कळलं होतं. पण असं दृश्य पुन्हा मिळणार नाही, हेही त्याला कळलं होतं. त्या पिक्चरात शेकडो निर्णय झाले असतील, मित्रांनो. माझ्या आयुष्याचा निर्णय म्हणजे तो एवढासा शब्द, आणि तो त्याच्या तोंडातून निघत नव्हता. माझी पहिली फळी फुटली. दुसरी फुटली.

तेव्हा दुर्गाबाई किनाऱ्याकडे वळली. सगळं गाव, सून, बाजारातल्या बाया, सगळ्यांसमोर तिने ते सांगितलं.

"मना दिसत नाय. दोन वर्सं झाली, मना काय पन दिसत नाय. मी चुकीची दाखवली."

एवढ्यात क्षिप्रा ओरडली, "कट!" तो शब्द उच्चारायचा तिला अधिकार नव्हता. पण आग विझवणाऱ्यांना शब्द लागत होता, माणूस नाही. पाइप सुटले. अक्षता लुगड्यानिशी पाण्यात धावली आणि सासूला मागून कवेत धरलं. सासू माझा काठ सोडेना. सुनेला दोघींना ओढावं लागलं.

माझं निम्मं अंग गेलं. उरलेलं किनाऱ्यावर आणून ठेवलं.

रात्री जयप्रकाश घरी आला आणि ते दृश्य वापरू का म्हणून हात जोडून विचारू लागला. दुर्गाबाई म्हणाली, "तुज्या क्रांतीन तुजी मानसं रडव. माजं रडनं माज्या घरान राहूदे." त्याने ऐकलं, एवढं त्याच्या बाजूने सांगते. क्षिप्रा दाराबाहेरच उभी राहिली होती. दुर्गाबाईने तिला आत बोलावून जेवायला वाढलं. चूक तुझी नव्हती, म्हणाली, ओल्या रंगाचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दुसरी होडी जाळली. सगळं पहिल्या झटक्यात जमलं. ज्वाळा हव्या तशा उठल्या, भरतीने तिला हवं तिकडे नेलं, माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी किनाऱ्यावरून बघत होते. तिच्या काठाला कुणी हात लावला नाही. "माझी" म्हणून कुणी पाण्यात उतरलं नाही. ती पाण्याच्या रेषेपर्यंत जळाली आणि मग नव्हतीच. पिक्चरात तुम्हाला दिसेल ती तीच. लोक म्हणतील, केवढी मोठी क्रांती. मला मात्र तेवढंच दिसणार की ती इतके दिवस माझ्या शेजारी उभी होती आणि मी तिला नावसुद्धा विचारलं नाही. तिच्याही नाळेवर डांबराखाली कुणाच्या तरी आईचं नाव असेल.

दुर्गाबाईने क्षिप्राकडे चौकशी केली, ती कुठल्या गावची होती म्हणून. क्षिप्राने सगळे कागद पालथे घातले. डांबर किती लागलं ते लिहिलेलं होतं. गाव कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या अर्ध्या होडीचं कोण ऐकणार? तरी सांगते. ज्या वस्तूने तुमचं पोट भरलं, तिच्यावरून अधूनमधून हात फिरवा. दुसऱ्याची वस्तू टाकलेली दिसली तर निदान विचारा, ही कुणाची. आणि डोळ्यांना दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. एवढं एक वाक्य दुर्गाबाईने चार दिवस आधी म्हटलं असतं तर मी आज पुरी असते.

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला घार खरोखर दिसते. पहिल्यांदा मला बघायला आली तेव्हा तिने माझं जळकं तोंड न्याहाळलं. मग मागच्या फळीवर बसली, डोळे मिटले आणि खाचेत अंगठा ठेवला. परवाच्या पुनवेला हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. एक बोट माझ्या उरल्या काठाला लावलं. दुसरं बोट कुंकवात बुडवून ती तशीच पुढे गेली, त्या दुसरीला जिथून सोडलं होतं तिथे गुडघाभर पाण्यात उतरली, आणि ते पाण्याला लावलं.